पांढरीची माती आणि विहिरीचें पाणी

आपल्यापैकीं ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें आहे, त्यांनीं गोठ्याच्या मातीच्या भिंतीला लोणा लागलेला पाहिलाच असेल. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत भिंतीचे पोपडे सुटतात, माती भुसभुशीत होऊन गळूं लागते, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तिच्यावर पांढरें पीठ पसरल्यासारखें दिसतें. आमच्या तिसगांवांत आम्ही मुलें हें पीठ बोटानें जिभेवर ठेवून पाहत असूं. चव खारट, मागाहून कडवट, आणि जिभेला किंचित् गारवा आणणारी. एखादा धीट मुलगा तें चिमूटभर पीठ चुलींतल्या निखाऱ्यावर टाकी. मग निखारा तडतडून उजळे आणि आम्हांला मोठी मौज वाटे. आजी मात्र रागें भरे. "अरे, हा घराला लागलेला रोग आहे, त्याची चव कसली पाहतां?" असें ती म्हणे.

हा रोग गोठ्याच्याच भिंतीला विशेष कां लागतो, याचा विचार मीं पुष्कळ वर्षें केला नव्हता. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. प्राथमिक शाळेंतला एक निवृत्त मास्तर. शेणखतानें पीक वाढतें, हें वाक्य मीं कित्येक वर्गांच्या फळ्यांवर लिहिलें. पण शेणाचें पिकाला मानवेल असें अन्न करतो कोण, हें एकाहि मुलानें विचारलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर मीं स्वतःलाहि विचारलें नाहीं. निवृत्तीनंतर माझ्या स्वतःच्या घरच्या विहिरीनें तो प्रश्न मला विचारला. तेव्हांपासून जें वाचलें आणि जाणकारांना विचारून समजून घेतलें, तें आज आपल्यापुढें ठेवावयाचें योजिलें आहे. सांगावयाची गोष्ट एकच आहे. जो जीव शेतांतलें खत पिकाच्या मुखीं लावतो, तोच जीव भिंतीला लोणा आणतो, आणि तोच आपल्या विहिरीच्या पाण्यांत डोळ्यांना न दिसणारा एक दोष उत्पन्न करतो. त्याचें काम तिन्ही ठिकाणीं एकच. फळ बरें कीं वाईट, हें मात्र आपण शेणमूत्र कोठें टाकतों यावर ठरतें.

आधीं लोण्याचेंच पाहूं. त्या पांढऱ्या पिठांत अनेक क्षार मिसळलेले असतात; परंतु गोठ्याच्या भिंतीवर ज्यांचा अंश विशेष असतो, ते क्षार सोऱ्याच्या जातीचे होत. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूंतील मुख्य घटक. गंधक, कोळसा आणि सोरा या तिघांची ती दारू, आणि तींत वजनानें सुमारें तीन चतुर्थांश भाग एकट्या सोऱ्याचा. आपल्या जिल्ह्यानें या गोष्टीची आठवण ठेवावी असें एक कारण आहे. विजापूरच्या बुरुजावर मलिक-ए-मैदान नांवाची जी प्रचंड तोफ आजहि पाहावयास मिळते, ती १५४९ सालीं निजामशाहींत अहमदनगर येथें ओतलेली आहे. अशा तोफांना लागणारा सोरा त्या काळीं कोणी द्रव्यें मिसळून तयार करीत नसे. तो मातींतून काढीत. गुरांच्या मुतानें मुरलेली जुन्या वस्तीची माती खरडावयाची, ती पाण्यांत कालवून वरचें पाणी निथळून घ्यावयाचें, त्यांत लांकडाच्या राखेचा अंश मिसळावयाचा, आणि तें पाणी आटवून थंड होऊं द्यावयाचें. म्हणजे सोऱ्याचे खडे बनत. बिहार प्रांतांत नोनिया नांवाच्या लोकांचा हाच पिढीजात धंदा होता, आणि सतराव्या व अठराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनी पाटण्याकडचा सोरा जहाजें भरभरून विलायतेस नेत असे.

या सोरा काढणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ज्या जागेवरची माती खरडून नेली, त्याच जागीं कांहीं काळानें पुन्हां सोरा जमतो. जागा मात्र वस्तीची, ओलसर, वाऱ्याला मोकळी, आणि जनावरांच्या मूत्राची हवी. सोरा पुन्हां जमतो कसा, हें मात्र कोणालाच सांगतां येत नसे. हवा आणि माती यांचाच हा कांहीं रासायनिक खेळ असावा, असें विद्वानांनाहि वाटे.

या कोड्याचा उलगडा दारूच्या कोठारांत झाला नाहीं. तो झाला पॅरिस शहरांत, सांडपाण्याची विल्हेवाट कशी लावावी या विवंचनेंतून. १८७७ सालीं श्लेसिंग आणि म्युंत्स या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं एक लांब कांचेची नळी घेतली, तींत वाळू आणि चुनखडी भरली, आणि वरून शहराचें सांडपाणी थेंबथेंब सोडण्यास आरंभ केला. सांडपाण्यांत अमोनिया असतो. गोठ्यांत सकाळीं नाकाला झोंबतो तोच हा वायु. सुमारें वीस दिवस नळीच्या खालीं अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग हळूहळू अमोनिया नाहींसा झाला आणि त्याच्या जागीं नायट्रेट, म्हणजे सोऱ्याच्या जातीचा क्षार, दिसूं लागला. हा जर नुसता रासायनिक खेळ असता, तर तो पहिल्याच दिवशीं सुरू व्हावयास हवा होता. वीस दिवस कशासाठीं लागले? शास्त्रज्ञांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तशी ती क्रिया थांबली. पुढें ताज्या मातीचें धुवण नळींत ओतलें, आणि ती पुन्हां सुरू झाली. क्लोरोफॉर्मनें गुंगी येते आणि मरण येतें तें सजीवाला. तेव्हां नळींतील वाळूंत कोणी तरी जिवंत कामकरी होते, आणि त्यांची वस्ती वाढण्यास ते वीस दिवस लागले होते, हें उघड झालें.

हे कामकरी प्रत्यक्ष वेगळे काढून दाखविण्याचें श्रेय मुख्यतः सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जातें. इतर जंतु मांसरसावर किंवा सरसावर वाढवितात, तसे हे वाढेनात. इतरांचें जें पक्वान्न, तें यांना वर्ज्य. विनोग्राद्स्की यांनीं १८९० च्या सुमारास झुरिक येथें उलट विचार केला. त्यांनीं सेंद्रिय पदार्थाचा लवलेशहि नसलेलें, नुसत्या क्षारांचें आणि अमोनियाचें पाणी केलें, आणि त्यांत हे जंतु वाढवून दाखविले. त्यावरून असें दिसून आलें कीं, हें काम दोन टोळ्या वांटून घेतात. पहिली टोळी अमोनियाचें नायट्राइट करते. दुसरी त्या नायट्राइटचें नायट्रेट करते. पहिल्या टोळींतील एका प्रसिद्ध जंतूचें नांव नायट्रोसोमोनास, आणि दुसरींतील एकाचें नायट्रोबॅक्टर. या दुपदरी क्रियेला आपण नत्रीकरण म्हणूं.

या जंतूंचा संसार मोठा विलक्षण आहे. हिरवें झाड सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेंतील कर्बवायूपासून आपलें शरीर घडवितें. हे जंतुहि कर्बवायूपासूनच शरीर घडवितात, पण अंधारांत, मातीच्या पोटांत. सूर्याचें बळ नाहीं, म्हणून ते अमोनिया जाळून बळ मिळवितात. चूल आपली, सरपण अमोनियाचें, आणि मागें उरणारी राख म्हणजे नायट्रेट, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु हें सरपण फार हलकें. पुष्कळ जाळावें तेव्हां थोडी ऊब मिळते. म्हणून या जंतूंची वाढ फार मंद. आपल्या आंतड्यांतला एक सामान्य जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. या बिचाऱ्यांना त्याच कामास आठ तासांपासून एक दिवस, कित्येकदां त्याहूनहि अधिक वेळ लागतो.

विनोग्राद्स्कींच्या नंतर शंभर वर्षें हें प्रकरण पुरें झालें असें सर्वांस वाटत होतें. पण निसर्गाचें पुस्तक असें मिटत नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या टाकींतून अमोनिया जाळणारा एक अगदीं निराळ्या कुळांतला सूक्ष्म जीव मिळाला. आर्किया नांवाचें हें कुळ जंतूंहून वेगळें आहे, आणि पुष्कळ शेतजमिनींत त्याची संख्या जुन्या ओळखीच्या जंतूंपेक्षां मोठी असते, असें पुढें दिसून आलें. २०१५ सालीं तर दोन टोळ्यांचें काम एकटाच करणारा जंतु सांपडला. तो नायट्रोस्पायरा या जातीचा. त्याचा एक प्रकार रशियांतील बाराशें मीटर खोल विहिरीच्या ऊन पाण्याच्या नळावरील बुळबुळींत मिळाला, आणि दुसरा माशांच्या टाकीच्या गाळणींत. नळावरची बुळबुळ आपण घाण म्हणून खरवडून टाकतों. तींत एवढी विद्या दडलेली होती.

आतां आपण आपल्या शेताकडे वळूं. झाडांना नत्र हवें. त्यावांचून पानाला हिरवेपणा नाहीं कीं दाण्याला भर नाहीं. शेणांत, मूत्रांत, पालापाचोळ्यांत नत्र असतें, पण तें बहुधा मुळांना घेतां येईल अशा रूपांत नसतें. कुजविणारे इतर जंतु त्याचा अमोनिया करतात, आणि मग आपले हे मंद पण नेटके कामकरी त्याचें नायट्रेट करतात. युरियाच्या गोणीचीहि हीच वाट आहे. जमिनींत पडलेला युरिया कांहीं दिवसांत अमोनियाच्या रूपास येतो, आणि मग त्याचें नत्रीकरण होतें. धनगरांच्या मेंढ्या रात्रीं शेतांत बसवून घेण्याची आपल्याकडील चाल किती शहाणपणाची आहे, तें यावरून ध्यानीं येईल. लेंडीखत तर मिळतेंच; पण मूत्र थेट मातींत मुरतें आणि त्यांतलें नत्र कामकऱ्यांच्या हातीं पडतें.

या कामकऱ्यांच्या गरजा चारच आहेत: ऊब, ओल, वारा आणि चुना. पंचवीस ते तीस अंशांची ऊब त्यांना फार मानवते. ओल हवी, पण माती वाफसा धरून असावी. पाणी साचलें कीं त्यांचा श्वास कोंडतो. एक ग्रॅम नत्राचें नायट्रेट करण्यास सुमारें साडेचार ग्रॅम प्राणवायु खर्ची पडतो. शिवाय या क्रियेंत आम्ल उत्पन्न होतें, आणि तें शमविण्यास त्याच एका ग्रॅमामागें सुमारें सात ग्रॅम चुनखडी लागते. आपल्या काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे मुबलक असल्यामुळें या बाबतींत आपण भाग्यवान् आहों. फक्त एक सावधगिरी हवी. अशा चुनखडीच्या जमिनीवर युरिया उघडा फेंकून ठेवला, तर त्यांतला पुष्कळसा अमोनिया जंतूंच्या हातीं लागण्यापूर्वींच हवेंत उडून जातो. म्हणून खत मातीआड करावें.

आपले वाडवडील म्हणत, नांगरलेली जमीन उन्हाळाभर तापूं द्यावी. यांत पुष्कळ अर्थ आहे. वैशाखांत ओल नसल्यामुळें हे जंतु निपचित पडलेले असतात. मृगाचा पाऊस पडला, कोरड्या ढेकळांत ओल शिरली, कीं उन्हाळ्यांत मेलेल्या सूक्ष्म जीवांचीं शरीरें आणि मोकळा झालेला सेंद्रिय अंश कुजूं लागतो, आणि थोड्याच दिवसांत मातींत नायट्रेटची एक लाट येते. एच्. एफ्. बर्च या शास्त्रज्ञानें पूर्व आफ्रिकेंत अशा कोरड्या-ओल्या जमिनींचा अभ्यास केला, म्हणून शास्त्रांत या चमत्कारास त्याचें नांव मिळालें आहे. ज्याची बाजरी वेळेवर पेरली गेली, त्याच्या मुळांना ही लाट सांपडते. ज्याची पेरणी लांबली, त्याची लाट पावसाबरोबर खालीं निघून जाते. रब्बीच्या ज्वारीसाठीं राखलेल्या रानांत आपण पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालतों, त्यानेंहि तण मरतें, मातींत वारा खेळतो आणि नायट्रेट वाढतें. मात्र त्या मोकळ्या रानांत तें पिऊन घेणारें मूळ नसतें, हेंहि विसरूं नये.

येथें मुख्य मुद्दा येतो. अमोनियाला काळी माती घट्ट धरून ठेवते, जशी चुंबकानें टांचणी धरावी. नायट्रेटला ती धरीत नाहीं. नायट्रेट पाण्याबरोबर वाहतें: मुळें असलीं तर मुळांत, नसलीं तर मुरुमांत, आणि मुरुमांतून विहिरींत. पाटाच्या पाण्याखालीं जी जमीन सतत तुंबलेली राहते, तेथें आणखी निराळा प्रकार होतो. तेथें दुसरे जंतु नायट्रेटमधील प्राणवायु ओढून घेतात आणि नत्र हवेंत सोडून देतात. त्यांतला कांहीं भाग नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपानें जातो, आणि हा वायु पृथ्वीला तापविण्याच्या कामीं कर्बवायूच्या सुमारें २७३ पट प्रबळ आहे. म्हणजे पैसा शेतकऱ्याचा जातो, आणि ताप सगळ्या जगाला होतो.

म्हणून शहाणपण इतकेंच कीं, कामकऱ्यांना पिकाच्या वेगानें चालवावें. एकदम गोणी रिकामी न करतां खत दोन-तीन हप्त्यांनीं द्यावें. निंबोळीची पेंड मिसळावी. निंबांतील कडू द्रव्यें पहिल्या टोळीचा वेग कांहीं दिवस मंदावतात, आणि करंजाच्या पेंडीचाहि असाच गुण आहे. आपल्या देशांत २०१५ पासून युरियाला निंबाच्या तेलाचा लेप देण्याचा जो नियम झाला, त्याच्या मागें हेंच तत्त्व आहे.

खताच्या बाबतींत आपल्या माणसांनीं केलेलें एक काम येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९२४ नंतर इंदूर येथील संशोधन-संस्थेंत सर आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं कंपोस्ट खताची पद्धत बसविली, आणि १९३१ सालीं दोघांच्या नांवानें तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध झालें. काडीकचरा आणि शेण यांच्या थरांत ते राख घालीत, आणि विशेष म्हणजे गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती घालीत; जी आपण लोणा म्हणून टाकून देतों, तीच ही. ढीग वरचेवर खालींवर करून त्यांत वारा खेळता ठेवीत, आणि सुमारें तीन महिन्यांत खत तयार होई. पुढें आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण दे. पांढरीपांडे यांनीं भिंतींना भोकें ठेवलेल्या विटांच्या हौदांत खत करण्याची पद्धत काढली. त्यांच्याच नांवाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप म्हणून प्रसिद्ध आहे. तीं भोकें वाऱ्यासाठीं, म्हणजे आपल्या जंतूंच्या श्वासासाठीं.

पाण्यांतहि या जंतूंचें काम असेंच चालतें. ओढ्यांतल्या गोट्यांवरचा बुळबुळीत थर, तळ्याच्या गाळाचा वरचा पापुद्रा, शहराच्या पाण्याची वाळूची गाळणी, या सर्व ठिकाणीं ते चिकटून राहतात. अमोनिया माशांना विष आहे. त्याचें नायट्रेट होतें म्हणून मासे जगतात. हल्लीं टाक्यांत मासे पाळणारे कित्येक तरुण नव्या टाकींत एकदम मासे सोडतात आणि आठ दिवसांत मेलेले काढतात. नवी टाकी तयार होण्यास तीन ते सहा आठवडे लागतात, कारण या मंद कामकऱ्यांची वस्ती तितक्या दिवसांनीं बसते. पॅरिसच्या नळींतले वीस दिवस तुम्हांला आठवत असतीलच.

आतां माझ्या घरच्या विहिरीची गोष्ट सांगतों. परसांत वडिलांच्या काळची विहीर आहे, आणि तिच्यापासून दहा-बारा पावलांवर, चढाच्या अंगाला, आमचा उकिरडा होता. त्याच्याशेजारीं गोठा. तीन पिढ्यांत कोणाला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. पाणी गोड आणि नितळ. माझा नातू तीन महिन्यांचा असतांना सुनेला दूध पुरेना, म्हणून वरचें भुकटीचें दूध देऊं लागलों. मी पडलों मास्तर. पाणी उकळलेंच पाहिजे, आणि तेंहि चांगलें निम्मे होईपर्यंत, असा माझा दंडक. त्याच सुमारास गांवांत पाणी तपासण्याची पेटी घेऊन एक आशाताई आल्या. त्यांनीं आमच्या विहिरीचें पाणी नळींत घेतलें, त्यांत पूड टाकली, आणि पाणी गडद रंगाचें झालें. नायट्रेट मर्यादेच्या बरेंच वर. मीं मोठ्या विश्वासानें सांगितलें, "आम्ही उकळून वापरतों." त्या म्हणाल्या, "गुरुजी, हा दोष उकळून जात नाहीं हो, उलट वाढतो."

मीं घरांत येऊन कागदावर हिशेब मांडला. पाणी वाफ होऊन जातें, नायट्रेट भांड्यांतच राहतें. पाणी निम्में केलें म्हणजे तांब्याभर पाण्यांतला दोष दुप्पट झाला. ज्या काळजीनें मी तें पाणी आटवीत होतों, तीच काळजी माझ्या नातवाला दुप्पट मात्रा पाजीत होती. बाळाला कांहीं इजा झाली नाहीं, ही ईश्वराची कृपा. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

तान्ह्या मुलाला यापासून भय कां, तें १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत हंटर कॉम्ली या डॉक्टरानें दाखविलें. शेतावरच्या विहिरींचें पाणी घालून वरचें दूध पाजलेलीं बाळें निळीं पडत. पोटांत नायट्रेटचें नायट्राइट होतें, आणि तें रक्तांतील लाल द्रव्याला प्राणवायु वाहून नेण्यास नालायक करतें. सहा महिन्यांच्या आंतील बाळाला हा धोका विशेष, आणि त्यांतहि पोट बिघडलेलें असल्यास अधिक. आपल्या देशांत पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम नायट्रेट अशी ठरलेली आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें देशांतील तपासलेल्या भूजलाच्या नमुन्यांपैकीं सुमारें पांचांत एक नमुना या मर्यादेच्या बाहेर होता. महाराष्ट्रांत हें प्रमाण त्याहूनहि जास्त, सुमारें तिनांत एक.

मर्यादा ओलांडण्यास किती थोडें पुरतें, याचें एक गणित घालतों. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत ४६ टक्के, म्हणजे सुमारें पावणेएकवीस किलो नत्र असतें. त्या सर्वांचें नायट्रेट झालें तर तें सुमारें ९२ किलो भरेल. आतां सहा मीटर रुंदीची आणि सात मीटर पाणी असलेली विहीर घ्या. तींत सुमारें दोन लक्ष लिटर पाणी मावतें. या विहिरीला मर्यादेवर नेण्यास नऊ किलो नायट्रेट पुरें, म्हणजे गोणीचा फक्त दहावा हिस्सा. एक दशांश गोणी वायां गेली असें आपण म्हणतों. पण ती जाते कोठें, तें यावरून दिसेल. आणि उकिरडा तर वर्षानुवर्षें, पावसामागून पाऊस, असाच झिरपत असतो.

तेव्हां करावयाचें काय? उकिरडा, गोठा आणि शौचकूप विहिरीपासून निदान तीस मीटर, म्हणजे शंभर फूट दूर असावा, आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. उकिरड्याच्या खड्ड्याला पक्का तळ असावा व वर पावसाळ्यांत छप्पर असावें. गोठ्यांतलें मूत्र वाहूं न देतां माती किंवा काडीकचऱ्यांत मुरवून खतांत घालावें. विहिरीला उंच कठडा आणि भोंवतीं पक्का ओटा असावा. वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर, पाणी तपासून घ्यावें. पाणी सदोष निघालें तर तुरटीनें, फडक्यानें गाळून, औषध टाकून किंवा उकळून हा दोष जात नाहीं. हल्लींच्या आर्. ओ. यंत्रानें तो बराचसा जातो. नाहीं तर बाळासाठीं दुसऱ्या निर्दोष ठिकाणचें पाणी आणावें. मात्र उकळण्याचा हा निषेध नव्हे. पटकी, हगवण यांच्या जंतूंसाठीं उकळणें अवश्यच आहे. तें निर्दोष पाणी उकळावें, आणि उकळी येतांच उतरवावें, आटवीत बसूं नये. आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधासारखा दुसरा उपाय नाहीं, कारण विहिरींतील हा दोष आईच्या दुधांत फारसा उतरत नाहीं.

आम्हीं उकिरडा हलविला. पोरांनीं कुरकूर केली, दोन दिवस खपले, आणि जुन्या उकिरड्याची खोल खणलेली माती गाड्या भरून शेतांत नेऊन टाकली. त्या पट्ट्यांतली बाजरी पुढच्या पावसाळ्यांत इतरांपेक्षां वीतभर उंच दिसत होती. विहिरीचें पाणी सुधारण्यास मात्र त्याहून वेळ लागला; मुरुमांत जें कित्येक वर्षें मुरलें आहे, तें एका पावसांत निघत नाहीं. तीन पावसाळ्यांनंतर पेटींतली नळी फिक्या रंगाची राहिली. तोंवर पिण्याचें पाणी आम्हीं दुसरीकडून आणीत होतों.

आपल्या देशावरच्या खेड्यांत जमिनीचीं दोन नांवें आहेत. शेताची ती काळी, आणि वस्तीची ती पांढरी. माणसें आणि गुरें पिढ्यान् पिढ्या राहिलीं, चुलीची राख आणि गोठ्याची घाण पडत राहिली, म्हणून वस्तीची माती पांढरी पडते. जुनी वस्ती उठली कीं त्या पांढरीची माती खत म्हणून शेतकरी काळींत नेत आले. त्यांना नायट्रेटचें नांव ठाऊक नव्हतें. पण पांढरींत सांठलेलें काळीला परत द्यावयाचें असतें, हा व्यवहार ठाऊक होता. मातींतले हे अदृश्य कामकरी पांढरींतहि राबतात आणि काळींतहि राबतात. मालकी कोणाची आणि तहान कोणाची, हें ते ओळखत नाहींत. तें ओळखणें आपल्याकडे आहे. श्रोतेहो, उद्यां सकाळीं आपल्या विहिरीपासून उकिरड्यापर्यंत एकदां पावलें मोजून पाहा, एवढेंच माझें मागणें आहे.